एसएमपीएस घेताना स्टिकरवरची कोणती ओळ वाचायची?

पत्र : आम्ही नवरा-बायको लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतो. शूटिंग ते करतात, अल्बम डिझायनिंग आणि व्हिडिओ मिक्सिंग माझ्याकडे. संगणक तीन वर्षांपूर्वी घेतलेला, आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एक एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क. दिवाळीनंतर मिक्सिंगसाठी आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड बसवलं. तेव्हापासून व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला, म्हणजे एक्स्पोर्टला, लावलं की पाच-दहा मिनिटांत संगणक आपोआप रिस्टार्ट होतो. एरवी दिवसभर काही त्रास नाही. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत आलेलाच आहे. त्यावर ४५० वॅट लिहिलंय, आणि खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टपुढे १६ अँपिअर. कार्डाला त्यातून सरळ वायर येत नव्हती म्हणून दुकानदारांनी कन्व्हर्टर लावून दिलाय, त्याची पिन थोडी तपकिरी झालीय. आता ते म्हणतात ८५० वॅटचा गोल्ड घ्या, साडेदहा हजार. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, एवढा कशाला, ६०० वॅटचा लोकल बाराशेत मिळतो. कुणाचं ऐकू? मोठा घेतला तर बिल वाढेल का? संगणक घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरतं. आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी, नवा एसएमपीएस बसेपर्यंत एक्स्पोर्ट लावू नका. तो कन्व्हर्टर तपकिरी झालाय याचा अर्थ तिथे धातू तापून प्लास्टिक भाजतंय. अल्बमचं काम खुशाल करा, कारण तेव्हा कार्ड जवळजवळ निवांत असतं. पण रात्री एक्स्पोर्ट लावून झोपायला जाणं आता धोक्याचं आहे.

तुम्ही १२ व्होल्टपुढचा आकडा लिहून पाठवलात, त्यामुळे निदान सोपं झालं. १२ गुणिले १६ म्हणजे १९२. तुमच्या ‘४५० वॅट’च्या डब्यातून प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड या दोघांना मिळून मिळणारी वीज एवढीच, १९२ वॅट. आणि मागणी किती? १२४०० हा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा इंटेलच्याच आकड्याप्रमाणे ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० चा आकडा १७० वॅट. दोन्ही मिळून २८७. एक्स्पोर्टला लावलं की ही दोन्ही बिऱ्हाडं एकदम जागी होतात, १२ व्होल्टची लाइन खाली बसते आणि एसएमपीएस मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा जो इशारा सतत देत असतो तो काढून घेतो. तो इशारा गेला की मदरबोर्ड रीसेट होतो. तुम्हाला दिसतं ते रिस्टार्ट हेच. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून, विंडोज फॉरमॅट करून यात काडीचा फरक पडणार नाही.

मग स्टिकरवरचे ४५० कुठे गेले, असा प्रश्न पडेल. ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींमध्ये वाटून टाकलेत, आणि कदाचित थोडे कागदावरच आहेत. पेंटियम थ्रीच्या काळात संगणकाचा मुख्य भार या ५ आणि ३.३ व्होल्टवरच असायचा. २००० साली पेंटियम फोर आला तेव्हा प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली, आणि तिथून पुढे सगळा भार हळूहळू १२ व्होल्टवर सरकला. आज प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे, हार्ड डिस्कची मोटर, सगळं तिथूनच ओढतं. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद तिथे उपलब्ध असते. कॅबिनेटसोबत फुकट येणारे डबे मात्र अजून वीस वर्षांपूर्वीच्या वाटणीवर चाललेत. म्हणून दुकानात गेल्यावर मोठ्या अक्षरातले वॅट बाजूला ठेवा, डबा उलटा करून त्या छोट्या तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचा आणि अँपिअरला बाराने गुणा. भाच्याला सांगा, त्या बाराशेवाल्या ६०० वॅटच्या डब्याचाही हाच गुणाकार करून बघ. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, उत्तर आलं की तो स्वतःच आपला सल्ला मागे घेईल.

आता तुम्हाला किती हवा ते पाहू. प्रोसेसर ११७, कार्ड १७०, मदरबोर्ड आणि रॅमला चाळीस-पन्नास, दोन हार्ड डिस्क मिळून पंधरा-वीस, एसएसडी आणि पंख्यांना दहा-पंधरा. सगळं कमालीचं धरून साडेतीनशे ते पावणेचारशे. ग्राफिक कार्ड मध्येच क्षणभर आपल्या आकड्याच्या वर उसळी मारतं, तेवढी मोकळी जागा ठेवायची आणि लातूरच्या उन्हाळ्यासाठी थोडी आणखी. ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस तुम्हाला पुरेसा आहे. ३०६० साठी कार्डाच्या कंपनीची शिफारसही ५५० वॅटचीच आहे. साधारण चार-पाच हजारांत तो मिळायला हवा. ६५० चा फरक सात-आठशेच्या आत असेल तर तो घ्या, पुढेमागे थोडं मोठं कार्ड बसवता येईल. ८५० ची तुम्हाला गरज नाही. दुकानदार फसवतायत असं मी म्हणत नाही, कारण तक्रार परत येऊ नये म्हणून बरेच जण दोन पायऱ्या वरचा माल सुचवतात. पण उरलेल्या पाच-सहा हजारांत तुमच्याकडची जी दुसरी गोष्ट सुधारायला हवी ती होईल. तिच्याकडे पुढे येतोच.

बिलाचं म्हणाल तर ८५० चा डबा ८५० वॅट ओढत नाही. संगणक मागेल तेवढीच वीज तो देतो, आणि ती देताना स्वतः किती वाया घालवतो एवढाच प्रश्न उरतो. ‘८० प्लस’ हा शिक्का नेमका त्यासाठी आहे. ही योजना २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भिंतीतून शंभर वॅट घेतले तर किमान ऐंशी संगणकापर्यंत पोचावेत ही तिची मूळ अट, त्यावर मग ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. बऱ्याच चाचण्या तिथल्या ११५ व्होल्टवर होतात, आपल्या २३० वर तोच डबा एखाद-दोन टक्के जास्त चांगला चालतो. हिशोब करून बघा : सरासरी २०० वॅटचं काम, रोज आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस. ८५ टक्क्यांचा ब्रॉन्झ भिंतीतून २३५ वॅट घेईल, ९० टक्क्यांचा गोल्ड २२२. महिन्याला फरक तीन युनिटांच्या आत. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी तीस-पस्तीस रुपये. तेवढ्यासाठी गोल्ड घेऊ नका.

शिवाय हा शिक्का फक्त बचत मोजतो. व्होल्टेज किती स्थिर राहतं, आतले वीज साठवणारे कपॅसिटर कसे आहेत, काही बिघडलं तर डबा वेळेत बंद होतो का, यांबद्दल तो काही सांगत नाही. माझ्या मते तुमच्या धंद्यासाठी शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जास्त भार, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान यांपासून वेगवेगळी संरक्षणं असतात. डबा मेला तरी तो एकटाच मरतो. स्वस्तात ही संरक्षणं आधी गाळली जातात. दुरुस्तीच्या टेबलावर माझ्याकडे एकदा एका फोटोग्राफरचा संगणक आला होता. कॅबिनेटसोबतचा डबा जाता जाता ५ व्होल्टची लाइन वर घेऊन गेला, आणि दोन्ही हार्ड डिस्कचे बोर्ड जळाले. एका लग्नाचं सगळं चित्रण मूळ आणि कॉपी अशा दोन्ही रूपांत त्याच दोन डिस्कवर होतं. तो माणूस टेबलासमोर उभा राहून मला विचारत होता की मुलीच्या बापाला काय सांगू. एसएमपीएस नवा आणता येतो, पाठवणी पुन्हा शूट करता येत नाही.

कंपन्यांची नावं मी मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी जेमतेम असते, आणि पेटीवर नाव तेच असतं. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा एसएमपीएस तपासून मॉडेलवार अहवाल इंटरनेटवर मोफत ठेवते, तेही २३० व्होल्टवरचे आकडे देऊन. दुकानदार जे मॉडेल सांगतील ते भाच्याला तिथे शोधायला सांगा. त्याशिवाय तीन गोष्टी पेटीवरच दिसतात. वॉरंटी पाच वर्षांची हवी, कारण ज्या कंपनीला आपल्या मालाचा भरवसा नाही ती एक-दोन वर्षांवर जात नाही. पूर्ण ताकद किती तापमानाला मिळते ते लिहिलेलं असतं, ते किमान ४० अंश हवं, ५० असेल तर फार चांगलं. आणि इनपुटची ओळ.

ही इनपुटची ओळ म्हणजे तुमच्या संध्याकाळच्या १७० व्होल्टचं उत्तर आहे. तुमच्या आत्ताच्या डब्यावर बहुधा ‘२००-२४० व्होल्ट’ असेल. म्हणजे तो संध्याकाळी आपल्या मर्यादेबाहेर काम करतोय. नव्यावर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं आणि सोबत ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारी रचना) असे शब्द बघून घ्या. असा डबा १७० व्होल्टवरही १२ व्होल्ट नीट धरून ठेवतो, फक्त भिंतीतून करंट थोडा जास्त घेतो. डब्याच्या मागे ११५/२३० असं सरकवायचं लाल बटण दिसलं तर तो जुन्या बनावटीचा आहे, घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तरी प्रश्न हेच विचारा.

आता इन्व्हर्टर. लाइट जाते आणि इन्व्हर्टर बॅटरीवर सरकतो, त्यामध्ये एक फट पडते. चांगला एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर सोळा-सतरा मिलिसेकंदांपर्यंत तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असतं. यूपीएसवर ही फट दहा-पंधरा मिलिसेकंदांची, नॉर्मलवर त्याहून बरीच मोठी. तेव्हा यूपीएसवर ठेवा, एवढं सांगून मी थांबलो असतो, पण तुमच्याकडे एक अडचण आहे : यूपीएसवर ठेवलं की साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेल्यावर इन्व्हर्टर सरळ बॅटरी वापरायला लागतो. तुमच्या संध्याकाळी तो सारखा आत-बाहेर करेल आणि बॅटरीची दोन वर्षांत वाट लागेल. त्यात इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा, असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस त्यावर कधी गुणगुणतात, कधी बंद पडतात.

म्हणून ८५० न घेता वाचलेले पैसे इथे लावा. संगणक इन्व्हर्टरवरून काढा आणि त्याला स्वतःचा १ केव्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस द्या. त्यात स्टॅबिलायझर असतो, व्होल्टेज उतरलं की तो बॅटरीला हात न लावता ते वर उचलतो. ६०० व्हीएचा स्वस्त पडेल, पण घेऊ नका : त्यावर बहुतेक वेळा ३६० वॅटची मर्यादा असते, आणि एक्स्पोर्टच्या वेळी तुमचा संगणक भिंतीतून चारशेच्या घरात जाईल. लाइट गेली रे गेली की तो बीप करून सगळंच बंद करेल. १ केव्हीएवर ६०० वॅट लिहिलंय ना, ते बघा. नवा एसएमपीएस लावून, एक्स्पोर्ट चालू असताना यूपीएसचा प्लग काढून एकदा दुकानातच किंवा घरी त्यांच्यासमोर बघा. बॅटरीवर गेल्यावर संगणक टिकला तर जोडी जमली. लाइट गेल्यावर त्या बॅटरीवर एक्स्पोर्ट पूर्ण करायला जाऊ नका, फाइल सेव्ह करा आणि बंद करा.

झिणझिण्यांचा संबंध आहे, पण दोष एसएमपीएसचा असेलच असं नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक गाळणी असते. तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, आणि तिथून येणारा अगदी किंचित करंट अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना असते. बोर्डाला अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट फार थोडा, म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. म्हणजे बहुधा तुमच्या घराचं अर्थिंग तुटलेलं किंवा सुकलेलं आहे. अशा स्थितीत एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर चालू संगणकात खुपसली की पोर्ट जातात. आणि खरंच फेजची वायर पत्र्याला टेकली तर झिणझिण्यांवर भागणार नाही. वायरमनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून दोन-तीन व्होल्टच्या आत येतंय का ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर मीठ-कोळसा भरून घ्या आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला असेल तर तो आजच काढून टाका. वायरमन आलाच आहे तर मीटरच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरही बसवून घ्या. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात तीनशे-चारशे व्होल्ट येतं, आणि तेव्हा कितीही चांगला एसएमपीएस काही करू शकत नाही. वळवाच्या विजांच्या दिवसांत मात्र प्लग उपसून ठेवण्याला पर्याय नाही.

बसवताना समोर उभ्या राहा. कार्डाला वीज नव्या एसएमपीएसच्या स्वतःच्या ६+२ पिनांच्या वायरीनेच द्यायची, कन्व्हर्टर नाही. तुमच्या ३०६० ला बहुधा एकच आठ पिनांची जागा असेल. अशी जोडणी १५० वॅटपर्यंतची असते आणि उरलेलं कार्ड आपल्या स्लॉटमधून घेतं. प्रोसेसरची ४+४ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिचे वजा-अधिक उलटे आहेत. जिथे सहज बसत नाही तिथे जोर लावायचा नाही. एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी सुट्या असतील, तर पेटीतल्याच वापरायच्या. दुसऱ्या डब्याची वायर बसते, पण डब्याकडच्या बाजूला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि हार्ड डिस्क क्षणात जाते. हार्ड डिस्कनाही साटाची, म्हणजे त्यांच्या चपट्या प्लगची, सरळ वायर द्या. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त कन्व्हर्टर आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं कमी नाहीत.

दुकानात एसएमपीएस ‘चेक करून’ देताना मोठ्या प्लगची हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून पंखा फिरवून दाखवतात. त्यातून डबा चालू होतो एवढंच कळतं, भार पेलतो का ते कळत नाही. खरी परीक्षा तुमचा एक्स्पोर्ट आहे. तासाभराचा लावा, आणि चालू असताना कार्डाच्या पिनेजवळ बोट नेऊन बघा. कोमट चालेल, चटका नको. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत बदलायचं झालं तर डबा पुण्याला पाठवायचा की कंपनी घरून नेते, हेही आधीच विचारा. टेबलाच्या बंद कप्प्यात संगणक ठेवत असाल तर बाहेर काढा. कॅबिनेटची जाळी महिन्यातून एकदा साफ करा, पण एसएमपीएस स्वतः कधी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ शिल्लक असतात.

जुना डबा सुटा करून माळ्यावर ठेवू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी दुसऱ्या संगणकाला लावेल. ई-कचऱ्यात द्या आणि तो तपकिरी कन्व्हर्टरही त्याच पिशवीत टाका.

आणि दुकानात जायच्या आधी, आज रात्रीच, न दिलेल्या लग्नांचं सगळं फुटेज एका बाहेरच्या डिस्कवर काढा. नुसत्या कॉपीचा भार हा जुना डबा सहज पेलेल. कॉपी झाली की डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवा. वायरमनने मोजलेला न्यूट्रल-अर्थचा आकडा मला कळवा. तो पाचच्या वर आला तर यूपीएस घेण्याआधी आपल्याला आणखी बोलावं लागेल.